मोठ्याने वाच, कॉन्व्हेंट

“दख ना, मॅडमन्या बांगड्या कोपरलगून गयात.”

गिरणीवाल्या मावशी जिन्याखाली चपला काढता काढता बोलत होत्या. त्यांच्या मागे किराणा दुकानाच्या भाभी होत्या. त्यांनी स्वतःचा हात पुढे करून पाहिला. “मेरी तो साबुन लगाके भी नहीं निकलती,” त्या म्हणाल्या, आणि दोघी हसत वर येऊ लागल्या.

मी वरच्या पायरीवर झाडू धरून उभी होते. दोघी कौतुकानेच बोलत होत्या. तरी मला हसता आलं नाही, कारण मीही कितीतरी दिवस त्याच बांगड्यांकडे बघत होते. आधी त्या मनगटात रुतायच्या, काढल्या की वळ राहायचे. आता मॅडमनी केस बांधायला हात वर केले की त्या खळकन कोपरापर्यंत उतरायच्या, आणि मॅडम त्या आवाजावर खूश व्हायच्या. “ऐकलं? हा मेहनतीचा आवाज,” असं म्हणायच्या.

मॅडमचं सेंटर नंदुरबारला, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत होतं. बाहेर पाटी होती, ‘हेल्थ कोच’. त्याच पत्र्यावर आधी मेंदी क्लास होता, त्याआधी विमा, त्याआधी शिवणकाम. दर वेळी मॅडम स्वतः स्टुलावर चढून जुनी अक्षरं रंगवून टाकायच्या, पण रंगात पाणी जास्त घालायची सवय. ऊन तिरकं पडलं की ‘कोच’च्या मागून ‘मेंदी’ दिसायची. कुणी हसलं तर म्हणायच्या, “दिसू दे की. माणसाने काय काय करून पाहिलं ते लोकांना कळायला नको?”

मला त्यांच्याकडे आई घेऊन गेली. शिक्षण संपून मी घरीच होते आणि कुणी पाहुणा आला की आतल्या खोलीत जाऊन बसायचे. आईला स्वतःचं वजन कमी करायचं होतं आणि मला माणसांत आणायचं होतं. एका जिन्यात दोन्ही कामं होत होती. मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “इंग्लिश मीडियम का?” मी मान हलवली. “म्हणजे मोबाईलचं सगळं येत असणार.” इंग्रजी आणि मोबाईल या त्यांच्या लेखी एकाच घरच्या गोष्टी होत्या. त्या दिवसापासून मी ‘कॉन्व्हेंट’ झाले. त्यांनी माझं नाव कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

त्यांना बीएमआय कॅल्क्युलेटर हवा होता. उंची आणि वजन टाकलं की तुमचं वजन कमी आहे, बरोबर आहे, की जास्त आहे ते मोबाईल सांगतो. असे कॅल्क्युलेटर कुठेही फुकट मिळतात, हे मी हळूच सांगितलं. “मिळतात,” त्या म्हणाल्या, “पण त्यांच्याखाली माझा नंबर नाही.” मग मी एका तयार साच्यावरून तो बनवला, त्यात बाईने आपला मोबाईल नंबरही टाकायचा. वजन कमी असेल तर निळा, बरोबर असेल तर हिरवा, जास्त असेल तर पिवळा, आणि फारच जास्त असेल तर लाल. कुठलाही रंग आला तरी खाली एकच वाक्य होतं, ‘मॅडमशी बोला’.

तो लोकांपर्यंत कसा पोचवायचा, हे मात्र त्यांचं एकटीचं डोकं. त्यांनी स्कॅन करायचा चौकोन छापून घेतला आणि गावातल्या पिठाच्या गिरण्यांत चिकटवला. दळण होईपर्यंत बाई मोबाईल बघत उभी असते आणि गिरणीत काटा असतोच, असा त्यांचा विचार. खरंच बायका आधी गव्हाचा डबा काट्यावर ठेवायच्या, मग डबा उतरवून स्वतः चढायच्या. उंची कुणालाच ठाऊक नसायची, म्हणून मॅडमनी शिवणकामातली टेप नेऊन प्रत्येक गिरणीच्या चौकटीवर खुणा केल्या होत्या. लाल रंग आला की माझ्या मोबाईलवर घंटी वाजायची आणि मॅडम लगेच फोन लावायच्या. तिकडे बाई अजून पिठाची वाट बघत असायची. “ताई, घाबरू नका, मी आहे,” हे मॅडमचं पहिलं वाक्य. तोवर ती बाई घाबरलेली नसायची.

माणसं त्यांच्या लक्षात रंगाने राहायची. भाभी म्हणजे ‘लाल भाभी’, गिरणीवाल्या मावशी ‘पिवळ्या’. एकदा भर बाजारात त्यांनी माझ्या आईला “ओ पिवळ्या काकू” अशी हाक मारली, आणि आई भाजी न घेताच घरी आली. पण ‘जाड’ हा शब्द मॅडमनी कधी कुणाला लावला नाही. “जाड पुस्तक असतं,” त्या म्हणायच्या. “माणूस भरलेला असतो.”

निळ्या रंगाचं काय करायचं हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. एका हिवाळ्यात त्या मला मिरचीच्या पथारीवर घेऊन गेल्या. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात नजर पोचेल तिथपर्यंत लाल मिरची वाळत घातलेली, आणि तिच्या कडेने देठ खुडत बसलेल्या बायका. इतक्या बायका एका जागी बघून मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी काटा जमिनीवर ठेवला. मी नाकातोंडाला ओढणी बांधून आकडे टाकत गेले. निळा आला. पुढचीचाही निळा. त्यानंतरचीचाही. एक म्हातारी वाकून माझ्या मोबाईलमध्ये बघत होती. तिला मी अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, “वजन कमी शे ते मजुरी वाढी का व माय?” सगळ्या हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्या तिथेच मातीत फतकल मारून बसल्या आणि त्या म्हातारीच्या फडक्यातली अर्धी भाकरी मागून खाल्ली. परतताना रस्त्यावरच्या गाडीवर केळी दिसली, तर रिक्षा वळवून केळी घेऊन पुन्हा पथारीवर गेल्या. मग मला म्हणाल्या, “निळ्याखालचा माझा नंबर काढून टाक.”

“मग तिथे काय लिहू?”

“काही नको. त्यांना काय विकायचं?”

मॅडमचा मला पुष्कळदा राग यायचा. पण तो दिवस आठवला की राग टिकत नाही.

सोमवार हा त्यांचा स्वतःचा दिवस होता. सकाळच्या बॅचसमोर त्या स्वतः काट्यावर चढायच्या. वजनात धरलं जाईल असं सगळं आधी उतरवायच्या. चपला, घड्याळ, केसांतल्या पिना, पदराची पिन, बांगड्या, आणि शेवटी चष्मा. चष्मा उतरवला की पायाखालचा आकडा त्यांना दिसत नसे, म्हणून तो मी वाचायचा. “मोठ्याने वाच, कॉन्व्हेंट. मागच्या रांगेला ऐकू जाऊ दे.”

माणसांसमोर बोलायचं म्हटलं की मी आधी दाराकडे बघते. त्यात मराठी आकडे. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत मी आजही अडखळते. रविवारी संध्याकाळी मी मॅडमच्या मागच्या आकड्याच्या आसपासचे सगळे आकडे घोकून ठेवायचे. इंग्रजीत वाचलं तर मॅडम रागवायच्या नाहीत, नुसत्या काट्यावरून उतरून पुन्हा चढायच्या, मी मराठीत वाचेपर्यंत. आणि त्या खोलीत तर बहुतेक सगळं बोलणं अहिराणीत चालायचं. आई शेजारणींशी अहिराणी बोलते, माझ्याशी कधी बोलली नाही. मला सगळं कळतं, पण ती भाषा मी कधी तोंडात आणली नव्हती. भाषा चुकली तर हसू होईल, या भीतीने मी तीनही भाषांत गप्प राहायला शिकले होते.

आकडा वाचून झाला की तो कॅल्क्युलेटरमध्ये टाकायचा आणि मोबाईल सगळ्यांकडे वळवायचा. रंग पिवळा यायचा. कितीतरी महिने पिवळाच. “आकडा खोटं बोलत नाही,” मॅडम म्हणायच्या. “काल मी श्रीखंड खाल्लं.” सगळ्या हसायच्या. मला वाटतं, बायका त्यांच्याकडे वजन उतरवायच्या पावडरसाठी येत नसत, या वाक्यासाठी येत.

मग एका उन्हाळ्यात आकडा उतरायला लागला.

पहिल्यांदा टाळ्या वाजल्या. पुढच्या सोमवारी जास्त वाजल्या. रंग हिरवा झाला त्या दिवशी मॅडमनी पेढे वाटले आणि स्वतःचा एक जुना फोटो, लग्नातला, गुबगुबीत गालांचा, भिंतीवर लावून त्याला हार घातला. “ही बाई गेली,” त्या म्हणाल्या. खोली हसून हसून लोळली. मी हसण्याचा प्रयत्न केला. पण त्या हाराखालून रोज जावं लागायचं, आणि मी मान खाली घालून जायचे.

मॅडमनी खाण्यात काहीच बदललं नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. उलट भूक वाढली होती. स्वतःचा डबा संपवून त्या माझ्या शेवटच्या पोळीकडे बघायच्या आणि मी डबा पुढे सरकवायचे. पाण्याचा जार दुपारीच रिकामा व्हायचा. त्यावर त्या बॅचला सांगायच्या, बघा, पाणी असं प्यावं लागतं. दुकानामागच्या संडासात जायला सारखा जिना उतरायच्या, त्याला व्यायाम म्हणायच्या. जिन्यातला एक खिळा पायाला लागला होता. ती जखम पावसाळा आला तरी ओलीच होती, आणि त्या तिच्यावर मोजा चढवून वावरायच्या. चष्मा सारखा पुसायच्या, काच खराब दिली म्हणून चष्मेवाल्याला नावं ठेवायच्या. प्रत्येक गोष्टीचं त्यांच्याकडे उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं. बायका तासाभरासाठी येत, त्यांच्या कानावर एखादंच पडे. मी दिवसभर तिथे असायचे. मी सगळी ऐकत होते.

लोणखेड्याचे माझे काका असेच बारीक झाले होते. एका लग्नात लोक त्यांना घेरून विचारत होते, काय करता, आम्हालाही सांगा की. काका लाजून हसत होते. पुढे त्यांच्या पायाची बोटं काढावी लागली. साखरेचा आजार होता, कुणी रक्त तपासलंच नव्हतं. मी डॉक्टर नाही आणि मॅडमचं तेच असेल याची मला खात्री नव्हती. पण घरी जाऊन मी मोबाईलवर तेच ते वाचत बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी सेंटरचा जिना चढताना आधी कान द्यायचे, वरून मॅडमचा आवाज येतोय का. आला की उरलेल्या पायऱ्या भरभर चढायचे.

आईला सांगून पाहिलं. “चांगली बारीक झालीय बाई,” ती म्हणाली. “तू कशाला मध्ये तोंड घालतेस? उद्या काही झालंच तर तुझी नजर लागली म्हणतील.” आमच्याकडे हे नुसतं बोलणं नसतं. भाभींनी आधीच एकदा मॅडमची दृष्ट काढली होती, मीठ आणि लाल मिरच्या ओवाळून. मिरच्या विस्तवावर टाकताच खोलीभर ठसका उठला. ठसका उठला म्हणजे नजर नव्हतीच, भाभी म्हणाल्या, आणि सगळ्या खोकत खोकत हसल्या. मॅडम खोकत खाली बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

मग मी लिहून पाहिलं. इंग्रजीत लिहिलं तर दवाखान्याच्या कागदासारखं वाटलं. मराठीत लिहिलं तर उद्धट. दोन्ही खोडलं. एकदा जेवताना मात्र धीर करून म्हटलं, “मॅडम, एकदा रक्त तपासून घेतलं तर...”

“कुणाचं?”

“कुणाचंही,” मी म्हटलं.

त्या हसल्या. “आजारी माणसाकडे वजन उतरवायला कोण येईल गं?” आवाज थट्टेचा होता, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेरच्या पाटीच्या पाठीकडे बघत होत्या. त्यांनाही काहीतरी कळलं आहे, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. आणि त्यांनी त्याच्यावर रंग मारला आहे. पातळ.

श्रावणात कानबाई आली, आमच्या खानदेशातली देवी. कानबाईच्या रोटाला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून गहू दळायचे, त्या पिठाचे रोट करायचे, तूप-गुळासोबत, खिरीसोबत खायचे. ते बाहेर कुणाला द्यायचे नाहीत आणि टाकायचे तर मुळीच नाहीत, भाऊबंदांनी बसून संपवायचे. त्यामुळे दर वर्षी त्या सणानंतर मॅडमच्या बॅचमधले पिवळे लालकडे सरकायचे आणि हिरवे पिवळ्याकडे. त्या सोमवारी मॅडम कुणालाच काट्यावर चढू द्यायच्या नाहीत, स्वतःही चढायच्या नाहीत. “ते देवीचं वजन,” म्हणून सोडून द्यायच्या.

त्या वर्षी त्या सासरहून, कोरीटहून, परत आल्या त्याच काट्याकडे बोट दाखवत. तिथल्या गिरणीत त्यांनी वजन करून पाहिलं होतं. रोट खाऊन उतरलं होतं. सोबत साक्षीला जाऊबाईंना आणलं होतं. खोली कधी नव्हे इतकी भरली होती. मावशी पुढच्या रांगेत होत्या, भाभी त्यांच्या शेजारी. मॅडमनी मला मजकूर सांगितला आणि मी तो मोबाईलवर लिहिला. ‘रोट खाऊनही वजन उतरलं. सणातही हिरवे राहा. मॅडमशी बोला.’ कॅल्क्युलेटरमधून आलेल्या प्रत्येक नंबरावर तो जायचा होता. “आधी मी चढते,” त्या म्हणाल्या. “मग पाठव.”

जाऊबाईंना उभं करण्यात आलं. “सगळासपेक्षा जास्त रोट हिनीच खाया,” त्यांनी सांगितलं. “खीर बी तितलीच.” बायकांनी आश्चर्याने एकमेकींकडे पाहिलं. खाली बसता बसता जाऊबाई माझ्या बाजूला वळून हळू म्हणाल्या, “रातभर पानी पेस. घडीघडी उठस.” मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. त्याही कुणाला तरी सांगायला बघत होत्या.

मॅडमनी चपला काढल्या. घड्याळ काढलं. पिना काढून माझ्या हातात दिल्या. बांगड्या काढाव्या लागल्याच नाहीत, हात खाली केला तशा त्या आपोआप घसरल्या आणि एक गडगडत भाभींच्या पायाशी गेली. हशा झाला. मग चष्मा. काट्यावर पाय ठेवताना त्यांनी माझा खांदा धरला. आजवर कधी धरला नव्हता. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आला आणि श्वासाला वास आला, फार पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा. साखर फार वाढली की श्वासाला असा वास येऊ शकतो, हे मी वाचलं होतं.

मी वाकले. मी रविवारी घोकलेल्या सगळ्या आकड्यांच्या खालचा आकडा होता. कॅल्क्युलेटरमध्ये टाकला तर हिरवा रंग आला, पावसानंतरच्या गवतासारखा. तो रंग मीच निवडला होता. त्या रंगाला एवढंच माहीत होतं की उंची इतकी आणि वजन इतकं.

“किती?” मावशींनी विचारलं. भाभींनी टाळ्यांसाठी हात जवळ आणले होते. माझा अंगठा पाठवायच्या बटणाजवळ होता. मी तो उचलला आणि मोबाईल पालथा करून टेबलावर ठेवला.

मॅडम काट्यावर ताठ उभ्या होत्या. चष्म्याशिवाय त्या माझ्याकडे बघत होत्या असं त्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात माझ्या जरा डावीकडे, भिंतीवरच्या त्या हार घातलेल्या फोटोकडे बघत होत्या. ओठ कोरडे पडून चिकटले होते.

“मोठ्याने वाच, कॉन्व्हेंट,” त्या म्हणाल्या. “मागच्या रांगेला ऐकू जाऊ दे.”

मी त्यांचा चष्मा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घालेपर्यंत थांबले. आणि मग मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“मॅडम, रोट खाईसन वजन उतरत नही. तुम्ही बिमार शेतस. आत्तेच दवाखानामा चाला, मी येस तुमनासंगे.”